पहिलं नाव तौफिकचं

मंजुषा ठोंबरे विमा एजंट. आमच्या पडेगावच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे विमे तिनंच काढलेले. मी तिच्या समोरच्या घरात राहते. पिशवीत कागद कोंबून सकाळी स्कूटीवरून निघालेली आणि उन्हानं काळवंडून परत आलेली मंजुषा मी वर्षानुवर्षं बघत आले.

तिची विमा विकायची तऱ्हा निराळी होती. बाकीचे एजंट काय काय मिळणार ते सांगत सुटायचे. ही आधी काय मिळणार नाही ते सांगायची. माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलचा विमा काढताना तिनं त्यांना ओट्यावर बसवून सगळं ऐकवलं होतं. "मिळायचं ते मिळंलच, भाऊजी. नाय मिळायचं ते आत्ताच ऐकून घ्या. उद्या माझ्या दारात येऊन रडायचं नाय." यामुळं तिला गिऱ्हाईक कमी मिळायचं, पण मिळालेलं कधी सुटायचं नाही.

तिचे यजमान कारभारी वाळूजला एका कंपनीत मशीनवर. अबोल माणूस. पाळीवरून आले की अंगणात बसून बुटाच्या नाड्या सोडत राहायचे, अर्धा अर्धा तास. त्यांना सत्यम हा एकच मुलगा. शिकून तोही वाळूजलाच कंपनीत लागला होता. बोलका, हसरा, आईसारखा हातवारे करून बोलणारा.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून नजमुन्निसाभाभींचं घर. त्यांचे मालक शफी मिस्त्री यांचं दौलताबाद रोडला गॅरेज होतं. ते वारल्यावर मुलानं, तौफिकनं, ते चालवायला घेतलं. तौफिक आणि सत्यम एका वयाचे, एका शाळेतले. लहानपणी एकाला हाक मारली की दोघं यायचे. सत्यम भाभींना अम्मीच म्हणायचा. रमजानमध्ये संध्याकाळी सत्यम त्या घरात, आणि दिवाळीच्या फराळाला तौफिक या घरात, हे इतकं ठरलेलं होतं की त्यात आम्हाला कुणाला काही विशेष वाटत नसे.

तौफिकनं एक जुनी गाडी घेतली होती. कुणीतरी ठोकून गॅरेजला आणून टाकलेली आणि मग नेलीच नाही, अशी. ती त्यानं मूळ मालकाकडून रीतसर नावावर करून घेतली आणि फावल्या वेळात उभी केली. इंजिन उघडून बसवलं, पत्रा काढला, रंग मारला. विमा अर्थात मंजुषाकडूनच. तेव्हाही तिनं त्याला समोर बसवून ऐकवलं होतं. भाड्यानं चालवायची नाही, पिऊन चालवायची नाही, शर्यतीत उतरवायची नाही.

"काकू, ह्या गाडीत शर्यत?" तौफिक हसला होता. "बैलगाडी पुढं जाईल."

पण गाडी हळूहळू चांगली पळायला लागली. त्याच सुमारास लासूर स्टेशनच्या पुढं माळावर एका कंपनीनं गाड्या पळवायचा ट्रॅक केला होता. रविवारी तो सगळ्यांना खुला असायचा. आपली गाडी घेऊन जायची, तिकीट काढायचं, एका कागदावर सही करायची आणि गोल गोल पळवायची. तिथं नंबर काढत नसत, बक्षीसही नव्हतं. म्हणून पोरांच्या लेखी ती शर्यत नव्हतीच. रस्त्यावर पळवून कुणाला उडवण्यापेक्षा इथं बरं, असं तौफिकचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नव्हतं. रस्त्यावर तो इतकी सांभाळून गाडी चालवायचा की मागचे हॉर्न वाजवून थकायचे.

सत्यम त्या रविवारी पहिल्यांदाच गेला. आईला म्हणाला, दौलताबादकडं चक्कर मारून येतो. खोटं बोलला असंही नाही. लासूरला तिकडूनच जातात.

पुढचं जे मी सांगते आहे ते तौफिकनं नंतर सांगितलेलं. फाटकावर दोघांनी सह्या केल्या. छापील कागद होता. काही झालं तर जबाबदारी आमची, कंपनीची नाही, अशा अर्थाचा. मागं गाड्यांची रांग लागलेली, माणूस म्हणाला, करा लवकर. त्यांनी केल्या. आधी तौफिक एकटा फिरून आला. मग सत्यम शेजारी बसला. मोठ्या वळणाच्या अलीकडं पुढच्या कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलेलं होतं. तिथं झेंडा घेऊन माणूस उभा असायला हवा होता. माणूस होता, पण तो सावलीला गेला होता. गाडी घसरली आणि सरळ भिंतीवर गेली. ट्रॅकभर भिंतींना जुने टायर बांधून ठेवलेले होते, धक्का बसू नये म्हणून. नेमक्या त्या वळणावरचे टायर काढून ठेवलेले होते. कशाला काढले होते ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तौफिकला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बॉनेटमधून धूर यायला लागला. गाडी पेटेल या भीतीनं त्यानं सत्यमला काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि लांब नेऊन निजवलं. धूर रेडिएटरच्या पाण्याचा होता, वाफ होती. मिस्त्रीचा पोरगा तो, एरवी त्याला ते लांबूनसुद्धा कळलं असतं.

घाटी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन विचारत होते, "याला गाडीतून कुणी काढलं?"

तौफिक पुढं झाला. "मी."

"कसं काढलं?"

त्यानं हातानं दाखवलं. डॉक्टरांनी बघून घेतलं. ते आत गेल्यावर तौफिक भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना. मानेचा मणका मोडला होता. धडकेतच मोडला की ओढताना जास्त दुखावला, ते कुणालाच सांगता येणार नाही, असं नंतर डॉक्टर म्हणाले. पण तौफिकला ते त्या दिवशीच सांगता येत होतं. त्यानं स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता.

सत्यम वाचला. मानेखाली त्याचं अंग गेलं. खांदे थोडे हलायचे, एक हात कोपरापर्यंत उचलायचा, बोटं नाहीत. बोलणं शाबूत होतं, फक्त आवाज बारीक झाला होता.

मंजुषा मला त्या दिवसांत एकदा दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "मला बातमी कळली ना, तेव्हा पोरगं जिवंत हाय का हे विचारायच्या आधी माझ्या डोक्यात काय आलं सांगू? ट्रॅकवर झालं म्हणजे काही मिळणार नाय." आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. तौफिकच्या गाडीचा विमा पूर्ण होता, शेजारी बसणाऱ्यालाही धरून होता. पण शर्यत आणि वेगाची चाचणी त्याच्या बाहेर. ते कलम तिला पाठ होतं. गल्लीभर तिनंच ते ऐकवलं होतं.

काही दिवसांनी ट्रॅकवाल्यांचा माणूस दवाखान्यात आला. राजकुमार नाव सांगितलं. सोबत फळं घेऊन आला होता. कारभारींना आणि मंजुषाला कँटीनमध्ये घेऊन गेला, मलाही तिनं ओढून नेलं. माणूस बोलायला नम्र होता.

"ताई, तुम्ही विम्यातल्याच आहात, तुम्हाला मी काय सांगायचं," तो म्हणाला. "पोलिसांनी अजून पेशंटचा जबाब घेतलेला नाही. अपघात, एवढंच लिहिलंय. तो आमच्याकडून निघाल्यावर रस्त्यावर झाला, कुत्रं आडवं आलं, असं लिहून दिलं तर विमा कंपनीला द्यावंच लागेल. गाडी उचलून आम्ही रस्त्याच्या कडेला ठेवलेलीच आहे."

"आणि ट्रॅकवर झालं म्हणलं तर?" मंजुषानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तर विमा हात वर करणार. आमच्याकडं सही आहे, आम्हीही काही देणं लागत नाही. मग तुम्ही कुणाकडं मागणार?"

तो गेल्यावर कारभारी बोलले. त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "लिहून देऊ. पोरगं जन्मभर आडवं राहणार. उद्या आपण मेलो तर त्याला कोण बघंल? विमा कंपनी काय भिकारी व्हणार हाय का?"

"रस्त्यावर म्हणलं तर तौफिकवर केस होईल," मंजुषा म्हणाली. "बेदरकार चालवली म्हणून. शिक्षा होऊ शकती."

"मग होऊ दे. चालवत कोण होतं?"

तौफिकला विचारलं तर तो क्षणभरही थांबला नाही. "काकू, जे लिहायचं ते लिहा. मी सही करतो. आत जायची वेळ आली तर जाईन." त्याच्या मागं भाभी उभ्या होत्या, ओढणीचं टोक तोंडात धरून. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाही म्हणाल्या नाहीत.

मंजुषानं दोन-तीन दिवस अन्न नीट खाल्लं नाही. मग ती तयार झाली. आयुष्यभर लोकांना खोटा क्लेम करू नका म्हणणारी बाई, तिनंच काय काय सांगायचं ते सत्यमला हळू आवाजात समजावलं. कोणता रस्ता, कुठून कुत्रं आलं, गाडी किती वेगात होती. सत्यम छताकडं बघत ऐकत राहिला. मध्ये एकदाच त्यानं विचारलं, "तौफिकला काय होईल?" ती म्हणाली, "त्याचं तो बघून घेईल म्हणाला."

हवालदार आले तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी होते. त्यांनी खुर्ची ओढली, कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, बाळा, कुठं झालं?

"ट्रॅकवर," सत्यम म्हणाला. "लासूरच्या पुढं ट्रॅक हाय तिथं. तेल सांडलं होतं. टायर नव्हते लावलेले. तौफिकची चूक नाय."

हवालदारांनी लिहून घेतलं. कारभारी उठून बाहेर गेले.

मंजुषा थांबली, हवालदार जाईपर्यंत थांबली. मग वाकून म्हणाली, "तुला कळतंय का तू काय केलंस?"

"रस्त्यावर म्हणलो असतो तर तो आत गेला असता, आई."

"आन तू? तुझं काय?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं आणि त्याला ते पुसताही येईना. तिनं पदरानं पुसलं. पण ती त्याच्याशी बोलली नाही. पुढं कित्येक दिवस ती त्याला भरवायची, तोंड पुसायची, नळी बदलायची, आणि बोलायची नाही. मी एकदा म्हटलं, अगं बोल की पोराशी. तर म्हणाली, "बोलायला गेले की ओरडावंसं वाटतं. म्हणून गप बसते."

विमा कंपनीचं पत्र अपेक्षेप्रमाणं आलं. गाडी पॉलिसीत बसणाऱ्या कामासाठी वापरली गेली नव्हती, सबब दावा नामंजूर. ते वाचून मंजुषा म्हणाली, "बरोबरच लिहिलंय त्यांनी."

सत्यमला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला. त्याला थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. कारभारींची कंपनीतली पाळी, मंजुषाची कंबर धरलेली. पहिल्याच सकाळी तौफिक दारात येऊन उभा राहिला. कारभारी घरातच होते. त्यांनी त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं. "याला सांग घरी जायला," ते मंजुषाला म्हणाले.

सत्यमच आतून म्हणाला, "येऊ द्या, आबा. तुमच्याच्यानं मला उचलवणार नाय."

त्या दिवसापासून तौफिक रोज गॅरेज उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर यायचा. दवाखान्यातल्या माणसाकडून तो शिकून आला होता. मान कशी धरायची, खांद्याखाली हात कुठं घालायचा, चादरीसकट कसं वळवायचं. इतक्या हलक्या हातानं करायचा की सत्यम मध्येच झोपी जायचा. त्याला उचलताना तौफिकच्या कपाळावर घाम यायचा. वजनाचा नव्हे. ते दोघं काय बोलायचे माहीत नाही, पण कधी कधी आतून हसण्याचा आवाज यायचा आणि मंजुषा स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची.

पैशाची ओढाताण वाढत गेली तशी कुणीतरी तिला सायली नावाच्या वकीलबाई सुचवल्या. तरुण होत्या, पण मन लावून ऐकणाऱ्या. त्यांनी सांगितलं की सही केली म्हणून ट्रॅकवाले सुटत नाहीत. भिंतीचे टायर काढून ठेवायचे, झेंडेवाला जागेवर नाही, हा निष्काळजीपणा सहीनं धुतला जात नाही. विमा कंपनीशीही भांडता येईल, कारण तिथं ना नंबर होता ना बक्षीस, मग ती शर्यत कशी? दावा लावण्यासारखा होता.

"फक्त एक आहे," सायली म्हणाल्या. "दावा गाडी चालवणाऱ्यावर आणि मालकावर लावावा लागेल. दोन्ही तौफिकच. प्रतिवादी क्रमांक एक. विमा कंपनी त्याच्यामागं उभी असते. तोच नसला तर कंपनी पण नाही."

"त्याला वगळून ट्रॅकवाल्यांवर नाय का लावता येत?"

"ते म्हणतील चूक चालवणाऱ्याची. आणि तो समोर नसेल तर आपण पडू."

मंजुषा कागद घरी घेऊन आली. वाचला, परत वाचला. मग सही केली.

नोटीस तौफिकच्या घरी गेली त्या दुपारी नजमुन्निसाभाभी दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मंजूबाई, पहिलं नाव माझ्या पोराचं?"

"कायद्यानं तसंच लिहावं लागतं, भाभी."

"असंल कायद्यानं. सही करायच्या आधी तुम्ही वाचलं नाय का? तुम्ही तर सगळं वाचता."

"वाचलं."

"मग?"

भाभी थोडा वेळ थांबल्या, उत्तर येईल म्हणून. मग ओढणी सावरून परत गेल्या. त्यानंतर त्या दोघींचं बोलणं जवळपास संपलं. भिंतीवरून वाटी-ताट जायचं ते थांबलं. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवताही आलं असतं.

मला वाटलं होतं, आता तौफिक येणार नाही. मंजुषालाही तसंच वाटत होतं. सकाळी ती स्वतःच सत्यमला वळवायला गेली आणि तिच्याच्यानं होईना. तेवढ्यात फाटक वाजलं. तौफिक आत आला, हात धुतले, टॉवेलला पुसले.

"तौफिक," ती म्हणाली, "ती नोटीस..."

"मिळाली, काकू. घेतली मी सही करून." तो पलंगाच्या त्या बाजूला गेला. "आज उजव्या कुशीवर घ्यायचं ना?"

तिनं मान हलवली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसली. मी माझ्या दारातून बघत होते. पण गेले नाही. तिला तेव्हा कुणी नको होतं.

दावा चालू राहिला. तारखा पडत राहिल्या. कोर्टात तौफिक एका बाजूला बसायचा आणि मंजुषा दुसऱ्या. उलटतपासणीत ट्रॅकवाल्यांच्या वकिलानं त्याला विचारलं, तुम्ही वेगात होता का? तो म्हणाला, हो, होतो. विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, किती वेगात जाते हे बघायलाच गाडी तिथं नेली होती ना? तो म्हणाला, हो, त्यासाठीच. सायली बाहेर येऊन डोक्याला हात लावून बसल्या. त्याच उत्तरात विम्याबाहेरची ती वेगाची चाचणी आली होती. थोडं इकडंतिकडं बोलला असता तरी चाललं असतं. पण सत्यम खरं बोलला होता. त्याच्यानंतर तौफिकला दुसरं काही बोलता येणं शक्य नव्हतं.

सत्यम दुसऱ्या हिवाळ्यात गेला. एवढी काळजी घेऊनही पाठीला एक जखम झालीच. ती आत आत गेली, ताप चढला, आणि छाती भरली. शेवटच्या दिवसांत मंजुषा त्याच्याशी खूप बोलायची. लहानपणीच्या गोष्टी, त्याच्या शाळेतल्या बाई, काय काय. तो ऐकायचा. एकदा म्हणाला, "आई, तेव्हा तू रागावली होतीस ना, तेव्हापण बोलली असतीस तर बरं झालं असतं. मला लई एकटं वाटायचं." हे तो तक्रार म्हणून म्हणाला नाही, सहज म्हणाला. मंजुषानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. ते वाक्य तिनं त्यानंतर परत कधी उच्चारलं नाही, पण ते तिच्यात कुठं जाऊन बसलंय ते मला तिच्याकडं बघितलं की कळतं.

खांदा द्यायला तौफिक पुढं आला. कारभारींनी त्याला अडवलं नाही. बघितलंही नाही.

त्यानंतर तौफिक यायचा थांबला.

निकाल लागला तेव्हा मी मंजुषाबरोबर कोर्टात होते. सायलींनी बाहेरच्या बाकावर बसवून आम्हाला सोप्या भाषेत सांगितला. विमा कंपनी सुटली. सही असली तरी ट्रॅकवाले जबाबदार, हे कोर्टानं मानलं. तौफिकही जबाबदार. भरपाई दोघांनी मिळून द्यायची, किंवा दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळी वसूल करता येईल.

"म्हणजे?" मंजुषानं विचारलं.

"म्हणजे जो सापडेल त्याच्याकडून. ट्रॅकवाली कंपनी बंद झालीय. जागा भाड्याची होती, ऑफिसला कुलूप आहे, त्या राजकुमारचा फोन लागत नाही." सायली थांबल्या. "सापडतो तो तौफिक. त्याचं गॅरेज आहे. आपल्याला त्यावर जप्ती आणता येईल."

तौफिक खांबाशी उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो जवळ आला. वाळला होता, दाढी वाढलेली.

"काकू, गॅरेज घ्या तुम्ही. मी कागद करून देतो. जप्ती कशाला."

मंजुषा त्याच्याकडं वळली. "गॅरेज घेऊन मी काय करू, तौफिक? सत्यम गेल्यापासून तू एकदा तरी घरी आलास का?"

"येऊन काय करू, काकू," तो म्हणाला. "कुणाला उचलू?"

सायली कागदांत बघत राहिल्या. शेवटी आम्ही उठलो. बाहेर पडेगावकडं जाणारी एकच रिक्षा उभी होती, माणसं भरून निघणारी. मी आणि मंजुषा मागं बसलो. तौफिक दुसरी बघतो म्हणत होता. रिक्षावाला म्हणाला, अहो बसा की, तुमच्यासाठीच थांबलोय. तो पुढं ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बसला, अर्धा बाहेर. ज्यानं भरपाई द्यायची तो आणि जिनं घ्यायची ती, एकाच रिक्षानं एकाच गल्लीत उतरले. भाडं देताना दोघांनी एकदमच हात पुढं केले.

मंजुषानं वसुली केली नाही. सायलींनी समजावलं, कारभारींनी काही दिवस धुसफूस केली, पण तिनं तो विषय बंद केला. तौफिकनं मात्र गॅरेज चालवायचं सोडलं. शटर लावलं आणि सिल्लोडला मामाच्या वर्कशॉपमध्ये कामाला गेला. भाभी इथं एकट्या राहिल्या. त्या कधी बोलून दाखवत नाहीत, पण गल्लीत सगळ्यांना कळतं की त्यांच्या लेखी त्यांचंही पोरगं त्या ट्रॅकवरच गेलं.

गेल्या ईदला तौफिक आला होता. दुपारी मंजुषाच्या फाटकाबाहेर तो उभा राहिलेला मी बघितला, आत जावं की नाही अशा विचारात. दार कारभारींनी उघडलं. कारभारी बाजूला झाले आणि म्हणाले, "ये."

मंजुषानं मला हाक मारून बोलावून घेतलं. एकटीला ते झेपणार नव्हतं. पुढच्या खोलीतला पलंग कधीच देऊन टाकलेला, भिंतीशी दोन खुर्च्या होत्या. तौफिक बसला ते रिकाम्या जागेकडं बघतच. तिनं चहा केला. सिल्लोडला काम कसं आहे विचारलं. चांगलं आहे म्हणाला. मामा बरे आहेत का. बरे आहेत. मग आम्ही सगळे चहा पीत बसलो.

कारभारींनी कप खाली ठेवला. "माझी मोटरसायकल सकाळी चालूच व्हईना," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "दुसऱ्याला दाखवली, त्याला काय समजंना. बघतोस का जरा?"

तौफिक उठला. ईदचे नवे कपडे होते अंगावर, पांढरे. बाह्या वर सारून तो अंगणात उकिडवा बसला. कारभारी त्याच्याशेजारी उभे राहिले, तो मागेल ते सामान देत. मंजुषा आत गेली आणि तिनं नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिची सगळी पाठ हलत होती, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मोटरसायकल चालू झाली. तौफिकनं हात धुतले, सलाम केला आणि भाभींच्या घरी गेला. संध्याकाळच्या गाडीनं तो सिल्लोडला परतला.

या वर्षीच्या ईदला तो आला नाही. कारभारी दिवसभर ओट्यावर बसून होते.